दर्यावर नेलेलं यंत्र

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, गोळ्या-औषधं बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो आणि कुंभवलीत खोली घेऊन राहत होतो. आमचं घर नवापूरला. सुटीच्या दिवशी सायकल काढायची आणि घरी जाऊन यायचं, एवढाच माझा घराशी संबंध उरला होता. घरी आई, मोठा भाऊ आणि वहिनी. भावाला मी दादा म्हणायचो. घरची बोट तोच चालवायचा.

वडील दर्यात गेले तेव्हा मी शाळेत शेवटच्या वर्षाला होतो. त्या दिवशी बोटीवर वडील आणि दादा असे दोघंच होते, तिसरा गडी तापाने घरी पडला होता. वडील जाळं ओढत होते. दादा इंजिनापाशी पाठमोरा होता. तो वळला तेव्हा वडिलांची जागा रिकामी होती. त्याने पाण्यात उडी मारली, भरती फिरेपर्यंत शोधलं. वडील दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागले. पट्टीचे पोहणारे होते, आणि समुद्रही त्या दिवशी शांत होता. म्हणून गावात लोक बोलले. काय बोलले ते आमच्यासमोर कुणी म्हटलं नाही.

आईने मात्र सगळ्यांसमोर दादाला विचारलं होतं. "तू व्हतास ना तितं?"

"व्हतो," दादा म्हणाला.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. भांडण झालं नाही, कुणी घर सोडून गेलं नाही. फक्त ती दादाशी बोलायची थांबली. काही सांगायचं झालं तर वहिनीला सांगायची, मी असलो तर मला. "त्याला सांग, डिझेल सपलंय." दादा तिथेच चार हातांवर बसलेला असायचा. मी दादाकडे बघायचो, तो मान हलवायचा. सुरुवातीला मला ते बघवायचं नाही. पुढे सवय झाली. वर्षं गेली आणि मला त्याचं काहीच वाटेनासं झालं.

एक दिवस जेवणाच्या सुटीत कारखान्याच्या गेटवर माझा चुलतभाऊ आला. तो दादाच्या बोटीवर काम करायचा. त्या वेळी तो दर्यावर असायला हवा होता.

"दादा पडला बोटीत," तो म्हणाला. "ही दुसरी येळ."

"प्यायला व्हता?"

"नाय. सकाळची येळ. दोर वढता वढता बसला. डोळं उघडं, पन हाक मारली तर वळख नाय. मग आपला आपन उठला नि मनाच विचारतो, काय झालं."

"घरी सांगितलं?"

"तो नको बोलला. काकीला कलू देऊ नको बोलला."

मी दादाला बोईसरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीचा आलेख काढला. आलेख चांगला आला. तरी त्यांनी पालघरला पाठवलं. तिथे एका नर्सिंग होममध्ये हृदयाचे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा मुंबईहून यायचे. त्यांनी पुन्हा आलेख काढला. तोही चांगला आला. दादा शर्टाची बटणं लावायला लागला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "हा कागद काही सेकंदांचा आहे. तुम्ही इथे पंख्याखाली निजलेले आहात, तेवढ्यापुरतं हृदय नीट चाललंय. तुम्ही पडता कुठे?"

"बोटीत."

"घरी कधी? रस्त्यात?"

"नाय. बोटीतच."

डॉक्टरांनी कपाटातून कातडी पाकिटातली एक पेटी काढली. खांद्याला लावून फिरतात तसल्या टेपरेकॉर्डरएवढी असेल. आत खरोखरच एक कॅसेट होती. ही कमरेला बांधायची, तिच्या वायरी छातीला चिकटवायच्या आणि एक अख्खा दिवस आणि रात्र तशीच ठेवायची. हृदयाचा प्रत्येक ठोका कॅसेटवर उतरतो. मी विचारलं, एवढा वेळ चालायला वीज कुठून? डॉक्टरांनी झाकण उघडून एक चौकोनी सेल दाखवला, काड्यापेटीपेक्षा लहान. टेप अगदी हळू फिरते, म्हणाले, आणि यंत्राला बाकी काही करायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं. त्याला वीज किती लागणार.

"फक्त एक," ते दादाला म्हणाले. "हे बांधून घरी निजून राहिलात तर उपयोग नाही. रोज करता तेच करायचं."

"रोज दर्यावर जातो."

डॉक्टर जरा वेळ पेटीकडे बघत राहिले. पाणी लागलं तर ती कामातून जाणार होती, खारं पाणी तर नकोच. ती त्यांच्याकडे एकच होती. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही बरोबर जाल का? पेटी कोरडी राहील आणि हे एकटे पडणार नाहीत, एवढं बघायचं."

मी हो म्हणालो. वडील गेल्यापासून मी बोटीत पाय ठेवला नव्हता. हे दादाला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात, सकाळच्या वेळी नर्सबाईंनी दादाच्या छातीवरचे केस वस्तऱ्याने काढले, स्पिरिटने पुसलं, गोल चिकटपट्ट्या लावल्या आणि त्यांना वायरी जोडल्या. पेटीला एक बटण होतं. चक्कर आल्यासारखं वाटलं की ते दाबायचं, आणि किती वाजलेत ते बरोबरच्या माणसाने लक्षात ठेवायचं. वर सदरा घातला तरी कमरेला फुगवटा दिसायचाच. एसटीत शेजारच्या माणसाने विचारलं, "ट्रान्झिस्टर का? स्कोर काय झाला?"

"ठावं नाय," दादा म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात वलांडीपाशी होती. बांबूंच्या त्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. दादाने सदरा काढला. आईने वायरी बघितल्या, पेटी बघितली. मग मला विचारलं, "कशाला ता?"

"छातीचे ठोके मोजायला. दादाला बोटीत चक्कर येते."

"कदीपासून?"

मी दादाकडे बघितलं. "दोन येळा आली," तो म्हणाला, जमिनीकडे बघत.

दुपारनंतर बोट निघायची होती. वहिनीने पेटीला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या घातल्या आणि वर सुतळी बांधली. सुतळी सैल बसत होती. आई आत गेली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी घेऊन आली. वहिनीला बाजूला करून तिने ती पट्टी दादाच्या कमरेभोवती फिरवली, पिशवीचं तोंड दुमडून आत दाबलं आणि पट्टी ओढून गाठ मारली. दादा हात वर करून उभा होता. तिची बोटं त्याच्या पोटाला लागत होती. एवढ्या वर्षांत तिने त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. तेव्हा मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी घड्याळाला चावी दिली.

"सैल नको रवायला," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मग पुन्हा वलांडीकडे गेली.

बोटीवर आम्ही तिघं होतो. चुलतभाऊ इंजिनापाशी, दादा सुकाणूला आणि मी मध्ये एका फळीवर. किनारा मागे पडल्यावर मला ओकारी आली. दादाने तांब्या पुढे केला. कडेला बसू नको, मध्येच बस, एवढं म्हणाला. त्याच्या छातीवरून निघालेली एक वायर गळ्यापाशी दिसत होती.

जाळ्यापाशी पोचलो तेव्हा पाणी थांबलेलं होतं. आमच्याकडचं जाळं समुद्रात रोवून ठेवलेलं असतं. भरती-ओहोटीची ओढ थांबली की जायचं आणि त्याची शेपूट वर घेऊन मासळी काढायची. भरलेलं जाळं जड असतं. दादाने पाय फळीला टेकवले, दोर धरला, श्वास कोंडला आणि मागे रेलला. दोर आला. पुन्हा पुढे वाकला, पुन्हा श्वास कोंडला. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. मी पेटीकडे बघत बसलो होतो. पिशवीवर पाण्याचे थेंब होते, आत कोरडं होतं.

तो तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा रेलला आणि पुढे आलाच नाही. आधी मला वाटलं, दम खातोय. दोर त्याच्या हातातच होता. डोळे उघडे होते आणि ते कशाकडेच बघत नव्हते. मग तो कडेच्या बाजूला कलला. जाळ्याच्या वजनाने दोर त्याला ओढत होता. मी त्याच्या कमरेला धरलं. ट्यूबची पट्टी हाताला लागली, तीच मुठीत पकडली. चुलतभावाने इंजिन सोडून उडी घेतली आणि त्याच्या काखेत हात घातले. आम्ही दोघांनी त्याला मागे ओढलं. तो ओरडला नाही. घशातून साधा आवाजही आला नाही. आधी श्वास कोंडलेला होता, तसाच राहिला होता.

मी बटण दाबलं. घड्याळ बघितलं.

दादाच्या तोंडावर रंग परत आला. त्याने आमच्याकडे बघितलं. "का धरलंस?" त्याने मला विचारलं.

"पडलास."

"मी?"

"पानीत जात व्हतास."

त्याने हातातल्या दोराकडे बघितलं. मग दोर चुलतभावाकडे दिला आणि खाली बसला. चुलतभाऊ एकटाच ओढायला लागला. मी उठून त्याला हात लावला. मासळी बोटीत पडली. आम्ही टोपल्या भरल्या.

परतताना, किनाऱ्याची सुरूची झाडं दिसायला लागल्यावर दादा म्हणाला, "बाबा वरडला नाय तवा."

इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. मी त्याच्या जवळ सरकलो.

"बाबा वरडला नाय," तो म्हणाला. "मी पाठमोरा व्हतो. वरडला असता तर मी वळलो असतो. मना इतकी वर्सं ह्याच कलत नव्हतं. मानूस पानीत पडतो तर वरडतो. मना वाटायचं, वरडला असंल, मनाच ऐकू आला नसंल."

मी हं म्हणालो.

पेटी परत दिली. अहवाल यायला आठवडा लागला. डॉक्टरांनी टेबलावर कागदाची लांब पट्टी पसरली. एकसारखी उंच टोकं चालली होती, आणि मग नुसती सरळ रेघ. ती रेघ संपून पुन्हा टोकं सुरू होत होती. त्यांनी रेघेवर पेन्सिलीचं टोक ठेवलं. "इथे हृदय थांबलंय. तुम्ही सांगितलेली वेळ हीच. आणि ही बघा, रात्री झोपेतही एकदा थांबलंय, लहान आहे."

दादा रेघेकडे बघत राहिला. "मना काय कललं नाय," तो म्हणाला.

"कळत नाही. डोक्याला रक्तच जात नाही, कळणार कशाने?" मग त्यांनी विचारलं, "घरात असं कुणाला होतं?"

मीच सांगितलं. वडील जाळं ओढत होते, समुद्र शांत होता, पोहता येत होतं, ओरडले नाहीत.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "असू शकतं," ते म्हणाले. "हे घराण्यात असू शकतं. पण मी खात्रीने सांगणार नाही. त्यांचा एकही ठोका माझ्याकडे नाही. असू शकतं, एवढंच."

"मशिनला पानी नाय ना लागला?" दादाने विचारलं.

"नाही. छान आहे मशिन."

दादाला पेसमेकर बसवायचं ठरलं. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नंबर लागायचा होता. तोवर बोट बंद. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही सख्खे भाऊ, तुमचंही एकदा बघून घेऊ. पुढच्या आठवड्यात ती पेटी माझ्या कमरेला आली.

मी कामावर गेलो. गेटवरच्या उत्तरेकडच्या वॉचमनने सदऱ्यावरून चाचपून बघितलं. "ये क्या लगाया है?"

"दिल का मशीन है."

"दिल में क्या हुआ?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. त्याने सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि मला आत सोडलं. दिवसभर मी गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरल्या. पेटी आहे हे मधूनमधून विसरायला व्हायचं.

पाळी सुटल्यावर मी सायकलने नवापूरला गेलो. दादा मुंबईला जाण्याआधी आईला सांगायला हवं होतं आणि तो सांगणार नव्हता. वहिनी आणि तो बाजारात गेले होते. आई अंगणात ताज्या बोंबलांच्या जोड्या लावत होती. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं आणि ती जोडी दांडीवर टाकायची. मी तिच्यासमोर पाटावर बसलो.

"डॉक्टर काय बोलला, ऐकशील?"

"बोल."

मी सांगितलं. दादाचं हृदय मध्येच थांबतं. जोर लावताना जास्त. थांबलं की त्याला काही कळत नाही, ओरडता येत नाही, हात हलवता येत नाही. बोटीत तो तसाच पडत होता, आम्ही धरलं म्हणून वाचला. मग मी म्हणालो, बाबांचंही तसंच झालं असेल. पाण्यात पडायच्या आधीच त्यांची शुद्ध गेली असेल. दादा पाठमोरा होता, त्याला कळायला काही आवाजच झाला नसेल. डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत, पण असू शकतं म्हणतात.

ती जोड्या लावत होती. एक दांडी भरली तशी दुसरीकडे वळली.

"आसंल," ती म्हणाली.

मी थांबलो. बराच वेळ तिचे हात तसेच चालले होते.

"दादाला दुकलं का तवा? बोटीत?"

"नाय. त्याला कललंच नाय."

"मंजे त्यांना पन दुकलं नसंल."

"नाय."

"पानी नाकातोंडात गेला तवा पन कललं नसंल."

"नसंल."

ती उठली, टोपलीतली उरलेली मासळी दुसऱ्या टोपलीत ओतली, रिकामी टोपली हौदावर नेऊन धुतली आणि उपडी घातली. मग घरात गेली. मी अंगणात बसून राहिलो. तिच्या मागे जावं असं मला वाटलं नाही. रडावं असंही वाटलं नाही. थोड्या वेळाने दादा-वहिनी आले. चहा झाला. आईने वहिनीच्या हातून दादाला चहा दिला, रोजच्यासारखा. मी सायकल काढली आणि कुंभवलीला परत गेलो.

माझा अहवाल आला. डॉक्टर पट्ट्या चाळत होते. "तुमचं उत्तम आहे," ते म्हणाले. "घड्याळासारखं. कामावर जरा वाढलंय, सायकलवर वाढलंय, ते वाढायलाच हवं. हे संध्याकाळचं बघा, किती संथ. झोपला होतात का?"

मी वेळ बघितली. "नाही. आईशी बोलत होतो."

"मग छान," डॉक्टर म्हणाले.

ती पट्टी त्यांनी मला ठेवायला दिली. मी ती काही दिवस खोलीतल्या खिडकीत ठेवली होती, पुढे कुठे गेली माहीत नाही. टोकं अगदी एकसारखी होती. माझं हृदय तेव्हा धडधडलं असेल, छातीत काही तुटलं असेल, मलाच ते जाणवलं नसेल, असं मी स्वतःशी धरून चाललो होतो. तसं काही नव्हतं.

दादाला मुंबईत पेसमेकर बसला. गळ्याच्या हाडाखाली कातडीआड एक चपटी डबी, तिच्यात बरीच वर्षं चालणारा सेल. हृदय थांबायला लागलं की ती डबी धक्का देते. रुग्णालयात मी त्याच्याजवळ राहिलो. जाळं ओढायचं नाही, जड उचलायचं नाही, असं त्याला बजावून सांगितलं. सुकाणू धरलं तर चालेल, तेही बरोबर माणसं असतील तर. घरी आल्यावर त्याने बोट चुलतभावाच्या हाती दिली आणि स्वतः फक्त सुकाणूला बसायला लागला. गावात लोक पुन्हा त्याच्याशी वडिलांबद्दल बोलायला लागले. मधली वर्षं ते टाळत होते हे मला तेव्हा कळलं. चुलतभावाने सगळ्यांना सांगितलं असणार.

आईमध्ये काय बदललं ते नेमकं सांगता येणार नाही. ती दादाला जवळ घेऊन रडली वगैरे असं काही झालं नाही. पुढच्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती आणि दादा बाहेर जाळ्याची भोकं शिवत होता. ती म्हणाली, "वारा फिरला काय रं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण दादाने मान वर केली. "फिरला," तो म्हणाला, "उद्या जमायचा नाय." ती हं म्हणाली. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. ते दोघं किती दिवसांपासून असं बोलत होते, मी विचारलं नाही. बोलणं तेवढंच असायचं, वारा, पाणी, मासळी. वडिलांचं नाव कुणी काढलं नाही.

आई गेली ती त्या दशकाच्या शेवटी, साध्या तापाने, घरीच. शेवटचे काही दिवस मी रजा काढून नवापूरला होतो. ती बहुतेक झोपूनच असायची. एका दुपारी दादा तिच्या अंथरुणाशी वाकून तिला पाणी पाजत होता. त्याचा सदरा उघडा होता. तिने हात वर केला आणि हाडाखालच्या त्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"झोपल्यावर पन चालतो हा?"

"चालतो."

"तुना कलतो चाललेला?"

"नाय कलत."

तिने हात खाली घेतला. दादाने तिचं तोंड पुसलं आणि पेला बाजूला ठेवला. मी दारात उभा होतो. बाहेर चुलतभाऊ हाका मारत होता, बोटीसाठी बर्फ आला होता आणि उतरवायला माणूस हवा होता. दादाला उचलता येत नव्हतं म्हणून मी गेलो.